मी न दिलेलं अनुमोदन : आमच्या ग्रामपंचायतीला खुलं पत्र

प्रति,
मा. सरपंचताई, मा. उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी भाऊसाहेब

प्रत माहितीसाठी : मा. गटविकास अधिकारी आणि गावातले सगळे मतदार

विषय : १५ ऑगस्टच्या ग्रामसभेचा ठराव क्रमांक ९, आणि तो ज्या वहीत लिहिला गेला ती वही

स. न. वि. वि.

नोव्हेंबरात एका सकाळी आमच्या डाळिंबाच्या बांधापलीकडे तिघे जण टेप घेऊन उभे दिसले. शेजारच्या गटात खडी क्रशर येणार, त्याची आखणी चालली होती. मी जाऊन विचारलं, गावाला न विचारता हे कसं काय चाललंय? त्यातला मुनीम सभ्य माणूस. त्याने पिशवीतून फाईल काढली, एक झेरॉक्स माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "वहिनी, गावाला कसं नाही विचारलं? तुम्हीच तर अनुमोदन दिलंय."

कागदावर माझं पूर्ण नाव होतं, मतदारयादीत आहे तसंच्या तसं. वर मजकूर : "खडी क्रशरला ना हरकत दाखला देणेबाबत सभेत सविस्तर चर्चा होऊन सदर ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला." त्याखाली सूचक, आणि सूचकाखाली अनुमोदक म्हणून मी.

१३ ते १८ ऑगस्ट मी गावातच नव्हते. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, मी त्यांच्याजवळ जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात होते. डिस्चार्ज कार्ड घरात आहे. १५ ऑगस्टला सकाळी जिन्यात बसून चहा पिताना शेजारच्या शाळेतलं झेंडावंदन ऐकू येत होतं, तेवढाच माझा त्या दिवसाचा स्वातंत्र्यदिन. सूचक म्हणून ज्या आजोबांचं नाव लावलंय ते तर दीड वर्षापासून मुलाकडे पुण्यात असतात. मी त्यांना फोन केला. ते हसले आणि म्हणाले, "अगं, मला आता जिना उतरवत नाही, मी ठराव कुठून मांडू?"

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. क्रशर असावा की नसावा, हा या पत्राचा विषय नाही. धुळीची मला काळजी आहे, बाग लागूनच आहे, ती मी लपवत नाही. पण ग्रामसभा भरली असती, चार लोक बाजूने बोलले असते, चार विरोधात, मीही माझं म्हणणं मांडलं असतं आणि हात वर करून मी हरले असते, तर गप घरी आले असते. गावात राहायचं म्हणजे कधी कधी हरावं लागतं. मला न बोलू देता माझ्याकडून होकार वदवून घेतला, हे मात्र पचत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. बंद पाकिटातले तीन अर्ज मी आधी देऊन झाले आहेत.

आता काय काय घडलं ते.

कोरमची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची, गोष्ट पहिली. त्या दिवशी जे हजर होते त्यांना मी एकेकाला विचारलं. झेंडावंदन झालं, पोरांची भाषणं झाली, बिस्किटं वाटली, पांगापांग झाली. समाजमंदिरात तीसेक माणसं उरली. कोणी तरी म्हणालं, कोरम नाही, सभा तहकूब. मग अर्ध्या तासाने तीच सभा "तहकूब सभा" म्हणून पुन्हा सुरू झाली, तेव्हा अकरा जण होते. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. आपल्या गावात अडीच हजारांच्या आसपास मतदार, १५ टक्के धरले तर पावणेचारशे होतात, म्हणून आपल्याला १०० पुरतात. अडीच हजारांत शंभर! तेवढेही जमवावेसे आपल्याला वाटत नाही, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. वर्षानुवर्षं आपली ग्रामसभा तहकूबच भरते. मूळ सभा हा नुसता तहकुबीचा मुहूर्त झालाय.

आणि तरीही वहीत हजेरी ११८ आहे. ती कशी झाली हेही मला कळलं. पुढचे दोन दिवस शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरला. आमच्या घरी माझ्या दिराने सही केली. त्याला सांगितलं होतं, "झेंडावंदनाची हजेरी आहे." शिपायावर माझा राग नाही, त्याला सांगितलं ते त्याने केलं. पण झेंड्याला केलेला नमस्कार क्रशरच्या ठरावाला लावायचा, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याने स्वतःशी एकदा विचार करावा.

दुसरी गोष्ट वहीची. तिच्यापर्यंत पोचायला मला तीन सोमवार लागले. सोमवारच का, तर राज्य सरकारचा २६ नोव्हेंबर २०१८ चा निर्णय आहे : जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता यावेत. अर्ज नको, अपील नको, जा आणि बघा. मी पहिल्या सोमवारी गेले तर कार्यालयाला कुलूप. दुसऱ्या सोमवारी ऐकलं, "दप्तर तपासणीला पंचायत समितीत गेलंय." मी त्याच दिवशी एसटीने पंचायत समितीत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, इथे कसलंच दप्तर आलेलं नाही. तिसऱ्या सोमवारी भाऊसाहेबांनी कपाट उघडलं, पण "फोटो काढायचा नाही" या अटीवर. मी वाद घातला नाही, वही पाहायची होती.

लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही. पानांना छापील क्रमांक नाहीत, काही पानांवर पेन्सिलीने घातलेत. प्रत्येक ठरावानंतर चार-पाच ओळी कोऱ्या सोडलेल्या. १५ ऑगस्टची सभा अडीच पानांत आटोपलीय. ठराव एक ते आठ निळ्या शाईत, मोकळ्या अक्षरात, दोन ओळींत अंतर ठेवून. मग सरपंचताई, तुमची सही आणि शिक्का. आणि मग ठराव नऊ. तो काळ्या शाईत आहे. अक्षर तेच, पण आक्रसलेलं, कोऱ्या ओळींत बसवलेलं. शेवटच्या दोन ओळी तुमच्या सहीच्या डाव्या बाजूने वळसा घालून खाली उतरतात. सहीवर अक्षर येऊ नये म्हणून लिहिणाऱ्याने काळजी घेतलीय. सही आधी आणि ठराव नंतर, हे सांगायला हस्ताक्षरतज्ज्ञ कशाला हवा? चौथीतली मुलगीही सांगेल.

ठरावाच्या डोक्यावर शब्द आहेत : "आयत्या वेळचे विषय". हे तीन शब्द आपल्या पंचायतीत फार कामाचे. सभेच्या नोटिशीत आठ विषय होते : मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, जमाखर्च, वृक्षारोपण, स्वच्छता, असे. ते वाचून कोणीही म्हणेल, यात काय जायचं? आणि ज्यासाठी माणूस चप्पल घालून निघाला असता तो विषय आयत्या वेळी येतो, तोही सभा संपल्यावर. सभेची नोटीस सात दिवस आधी लावायची आणि दवंडी द्यायची, हे नियमात आहे ते एवढ्यासाठीच ना, की कोणाचा विषय आहे हे त्या माणसाला आधी कळावं? दवंडी तर आपल्या गावात बंद पडून किती वर्षं झाली कोणास ठाऊक. व्हॉट्सॲपच्या गावकरी ग्रुपवर वाढदिवसाचे केक रोज येतात, ग्रामसभेची नोटीस आलेली मी कधी पाहिली नाही.

तिसरी गोष्ट माहिती अधिकाराची. तोंडी विचारून थकले म्हणून डिसेंबरात रीतसर अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय : त्या सभेची नोटीस, इतिवृत्त आणि हजेरी यांच्या प्रमाणित प्रती. भाऊसाहेबांनी अर्ज घेताना विचारलं, "कशासाठी पाहिजे?" कायद्याच्या कलम ६(२) मध्ये लिहिलंय की अर्जदाराला कारण विचारायचं नाही. मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "ताई, तुम्हाला कोणी शिकवून पाठवलंय." गावातल्या बाईला वाचता येतं हे मान्य करण्यापेक्षा तिला कोणी तरी पाठवलंय असं मानणं सोपं असतं बहुधा.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं होतं, चौतिसाव्या दिवशी आलं. मुदत उलटली की माहिती फुकट द्यायची, असं कलम ७(६) सांगतं. माझ्याकडून पानाला दोन रुपयांप्रमाणे ४१ पानांचे ८२ रुपये घेतले. पावती मागितली तर पावतीपुस्तक संपलेलं. आणि ज्या पानांसाठी सगळा खटाटोप केला, ती हजेरीची पानं दिलीच नाहीत. कारण लिहिलंय : "वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही." त्यासाठी कलम ८(१)(ञ) दाखवलंय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने या कलमाचा मजकूर बदलला आणि त्यातल्या जुन्या अटी गळाल्या, हे मला ठाऊक आहे. पण कलम ८(२) जागेवर आहे : जनहित मोठं असेल तर अशीही माहिती देता येते. शिवाय उघड्या सभेत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलेली सही खासगी कशी होते? ती खासगी असेल तर सभा उघडी नव्हती. आणि त्या यादीत माझ्या घरच्यांची नावं आहेत. माझीच माहिती माझ्यापासून जपण्याचा हा प्रकार पाहून क्षणभर हसू आलं.

पहिलं अपील केलं, वीस रुपये भरून. पंचायत समितीत सुनावणी झाली. तिथे समोरच्या साहेबांनी फाईल न उघडताच सांगितलं, "गावातलं प्रकरण आहे, आपसात मिटवा." राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करायला मला नव्वद दिवस आहेत, ते अजून केलेलं नाही. उशीर करणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो हेही मी वाचलंय. भाऊसाहेब, तुमच्या पगारातून कापून घ्यावं अशी माझी इच्छा नाही. तुमच्याकडे आपल्याखेरीज आणखी दोन गावं आहेत आणि दर आठवड्याला वरून नवी मोहीम येते, हे मी पाहते. पण हजेरीची पानं झेरॉक्स करायला मोहीम लागत नाही.

चौथी गोष्ट २६ जानेवारीची. त्या ग्रामसभेला मी मुद्दाम गेले, पुढे बसले. पहिला विषय नेहमीचा : मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मी उभी राहिले आणि म्हटलं, वाचून दाखवा. नुसतं "वाचलं असं समजू" नको, मोठ्याने वाचा. सभागृहात एकदम शांत झालं. सरपंचताई, तुम्ही भाऊसाहेबांकडे पाहिलंत. तुमच्या शेजारी तुमचे मालक बसले होते, ते म्हणाले, "वेळ नाही, पुढचा विषय घ्या." ते सदस्य नाहीत, सरपंच नाहीत, सभेचे अध्यक्ष तर नाहीतच. तरी पुढचा विषय घेतला गेला.

ताई, इथे दोन शब्द फक्त तुमच्यासाठी. आपण एका बचत गटात सहा वर्षं बसलो. गटाचा हिशेब तुम्ही लिहायचात आणि दर महिन्याला शेवटचा रुपया मोठ्याने वाचल्याशिवाय वही मिटायची नाही, हा दंडक तुम्हीच घातला होता. एकदा सात रुपये जुळत नव्हते म्हणून आपण दिवेलागणीपर्यंत बसलो होतो, आठवतं? राज्यात पंचायतींमध्ये बायकांना पन्नास टक्के जागा २०११ पासून मिळाल्या, त्यामुळे ती खुर्ची तुमच्याकडे आली आणि मला आनंदच झाला. मला तुमच्याविरुद्ध काही बोलायचं नाही. त्या दिवशीची तुमची नजर मी पाहिली, तुम्हालाही ती वही वाचायला हवी होती असं मला वाटलं. चूक असेल माझी, तर सांगा.

वाचून दाखवण्यात काय एवढं, असं कोणी म्हणेल. तर डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानात कोट किराना या गावी मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. केलं काय, तर सरकारी कामाचे हजेरीपट आणि बिलं गावापुढे मोठ्याने वाचली. ऐकणारे उठून सांगू लागले, हा माणूस कामावर कधी आलाच नाही, हे काम झालंच नाही. तिथून सुरू झालेल्या मागणीतून पुढे २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. आपलं राज्य तर त्याच्याही पुढे होतं, महाराष्ट्राने २००२ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, आणि त्याच्या अंमलासाठी २००३ मध्ये अण्णा हजारे उपोषणाला बसले होते. त्याच राज्यातल्या एका ग्रामसभेत एका बाईने "वाचा" म्हटलं तर वेळ नसतो.

"सर्वानुमते" या शब्दाचंही असंच झालंय. गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. तिथे ग्रामसभा निर्णय घेते तो सगळ्यांची सहमती झाल्यावर. एखाद्याचं पटलं नाही तर पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात. सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, उगाच नाही. आपल्याकडे सर्वानुमते म्हणजे कोणालाच विचारलेलं नाही.

हे लिहिताना तुमच्या बाजूने काय काय बोललं जातं तेही माझ्या कानावर आहे. लोक सभेला येत नाहीत, हे खरंच आहे. पण का येतील? विषय आधी कळत नाही, बोललेलं लिहिलं जात नाही, आणि न बोललेलं लिहिलं जातं. सभेत भांडणं होतात, हेही खरं. शेताच्या बांधावरचं भांडण कित्येकदा सभेत निघतं. मात्र वही कपाटात ठेवल्याने भांडण मिटत नाही, ते बांधावर परत जातं. आणि तिसरं, माहिती अधिकारवाले म्हणजे पैसे उकळणारे. असे दोघे-तिघे आपल्या तालुक्यात आहेत, नाकारत नाही. त्यांचा धंदा चालतो तो कागद लपवले जातात म्हणून. सगळं भिंतीवर लावलं तर त्यांना विकायला काय उरेल?

भिंतीवरून आठवलं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ख) सतरा मुद्द्यांची माहिती आपणहून जाहीर करायला सांगतं, कोणी मागायची वाट न बघता. कायदा झाल्यापासून १२० दिवसांत ती लावायची होती, म्हणजे वीस वर्षांपूर्वी. त्यातला आठवा मुद्दा नेमका आपल्या दुखण्यावरचा आहे : तुमच्याकडे कोणत्या समित्या-मंडळं आहेत, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना पाहायला मिळतात का, हे लिहून लावा. आपल्या कार्यालयाच्या दारावर माहिती अधिकाराचा एक पत्र्याचा फलक आहे. त्यावर ज्या ग्रामसेवकांचं नाव आहे ते निवृत्त झाले. मुद्दे एकही नाहीत. मजा बघा, गावाने वित्त आयोगाच्या पैशातून गटारावर किती खर्च केला ते मला ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर मोबाईलमध्ये दिसतं, पण गटार कुठे करायचं हे ज्या ठरावाने ठरलं तो ठराव दोनशे पावलांवरच्या कपाटात असून दिसत नाही. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने तर २०२५ मध्ये सभासार नावाची सोय काढली, ग्रामसभेचं रेकॉर्डिंग दिलं की ती इतिवृत्ताचा मसुदा तयार करून देते. म्हणजे भाऊसाहेबांना लिहायला वेळ नाही, ही अडचणही उरलेली नाही. सभेत एक मोबाईल चालू ठेवायचा, बस.

येत्या १ मे रोजी ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार सभा घेणं सरपंचांवर बंधनकारक आहे, सबळ कारणाशिवाय चुकवली तर पद जाऊ शकतं. आर्थिक वर्षातली ही पहिली सभा, म्हणजे गेल्या वर्षीचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, यंदाची कामं आणि लेखापरीक्षणाचे शेरे गावापुढे ठेवायची हीच सभा. म्हणून माझ्या मागण्या त्या तारखेला धरून आहेत.

१. ठराव क्रमांक ९ विषयपत्रिकेवर उघड घ्यावा, आयत्या वेळी नव्हे. सूचक आणि अनुमोदक त्या दिवशी हजर नव्हते हे इतिवृत्तात नोंदवावं आणि ज्या ज्या कार्यालयात या ठरावाची प्रत गेली तिथे तसं लेखी कळवावं. क्रशरवर त्यानंतर खुली चर्चा आणि हात वर करून मतदान व्हावं. निकाल काहीही लागो, मी मानेन.

२. नोटीस सात दिवस आधी लागावी, प्रत्येक विषय कोणाबद्दल, कोणत्या जागेबद्दल, किती रकमेबद्दल आहे ते स्पष्ट लिहून. दवंडी परत सुरू करा. ग्रुपवरही टाका, केकच्या फोटोंमध्ये ती मावेल.

३. जमीन, ना हरकत दाखला आणि खर्च, हे आयत्या वेळच्या विषयांत कधीच घेऊ नयेत. तहकूब सभेत नवा विषय तर नकोच.

४. हजेरीची सही सभेच्या जागीच व्हावी. झेंडावंदनाचं रजिस्टर वेगळं ठेवा. सभा संपल्यावर शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून तिथेच आकडा अक्षरी लिहावा.

५. इतिवृत्त सभा उठण्याआधी मोठ्याने वाचावं, पानांना क्रमांक घालावेत, कोरी जागा तिरकी रेघ मारून बंद करावी, आणि अध्यक्षांबरोबर हजर असलेल्या दोन मतदारांच्याही सह्या घ्याव्यात. त्यातली एक बाई असावी. आठवड्याच्या आत त्याची प्रत फलकावर लागावी.

६. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. कायद्यात आहे. आपल्याकडे ती वहीतच होते, प्रत्यक्षात घ्या.

७. सोमवारी ३ ते ५ कार्यालय उघडं आणि कपाट उघडं. सतरा मुद्दे १ मेपर्यंत भिंतीवर. माझी हजेरीची पानं आणि ८२ रुपये, दोन्ही परत हवेत. पावती नसली तरी चालेल.

गटविकास अधिकारी साहेब, तुमच्याकडे एकच मागणी आहे. ती लाल वही १ मेच्या आधी ताब्यात घेऊन तुमच्या समोर तपासा. पान काढलेलं, बदललेलं किंवा नव्या वहीत उतरवलेलं आढळलं तर त्याची नोंद तुमच्याकडे असू द्या. मी पाहिलेल्या पानांचं वर्णन वर दिलंय ते त्यासाठीच. १ मेपर्यंत काही हाललं नाही तर मी राज्य माहिती आयोगात अपील आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार, दोन्ही करेन. दोन्हींचे मसुदे तयार आहेत. त्यात कोणाला शिवी नाही, ठरावाची झेरॉक्स आणि डिस्चार्ज कार्ड जोडलंय.

१ मेला सकाळी मी समाजमंदिरात असेन. सासूबाई आता काठीने चालतात, त्याही येणार म्हणताहेत. त्यांचं नाव कोणत्या ठरावाला लागलंय का, ते त्यांना पाहायचंय.

आपली,
ठराव क्रमांक ९ ची, कोणी न विचारलेली अनुमोदक